चतुर्थके आणि पेटी-आलेख : सरासरीपलीकडचे गणित

शालेय गणितातून व्यवहारात सर्वाधिक उतरलेली संकल्पना कोणती, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर सरासरी हेच येईल. वर्गाचे सरासरी गुण, शहराचे सरासरी उत्पन्न, पावसाची सरासरी असे शब्द रोजच्या बातम्यांत असतात. एका आकड्यात सगळे सांगून टाकण्याची ही सोय मोठी आहे. पण त्या आकड्याआड काय दडले हे तो आकडा स्वतः सांगत नाही. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना चतुर्थके आणि त्यांवर आधारलेला पेटी-आलेख शिकवण्याचे कारण येथेच सापडते.

मुंबईतील डिलाईल रोड, म्हणजेच आजचा ना. म. जोशी मार्ग, हा परिसर या धड्याला जणू आयताच उदाहरणे पुरवतो. येथील बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्याच रस्त्यावरून मान वर केली की गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे दिसतात. समजा, नऊ कुटुंबे अशा खोल्यांत राहतात आणि दहावे २,५६० चौरस फुटांच्या सदनिकेत. दहा घरांची सरासरी येते ४०० चौरस फूट. गणित अचूक आहे. पण ४०० चौरस फुटांचे घर दहांपैकी एकाचेही नाही. नऊ जणांना सरासरीने अडीच पट मोठे घर दिले आणि दहाव्याचे घर सहा-सात पटींनी लहान केले. हा दोष बेरीज-भागाकाराचा नाही. माहिती कशी पसरलेली आहे हे न पाहता एकाच आकड्यावर विसंबण्याचा तो दोष आहे.

चतुर्थक म्हणजे काय?

प्राप्तांक चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधोमध येणारा प्राप्तांक म्हणजे मध्यक, हे महाराष्ट्रातील नववीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मध्यक रांगेचे दोन समान भाग करतो. याच रांगेचे चार समान भाग करणारे तीन प्राप्तांक म्हणजे चतुर्थके. पहिल्या चतुर्थकाच्या खाली सुमारे पाव प्राप्तांक असतात, दुसरे चतुर्थक म्हणजे स्वतः मध्यक, आणि तिसऱ्या चतुर्थकाच्या वर उरलेले पाव प्राप्तांक असतात. तिसऱ्यातून पहिले चतुर्थक वजा केले की आंतरचतुर्थक विस्तार मिळतो. मधले निम्मे लोक किती अंतरात सामावले आहेत, हे तो सांगतो.

चतुर्थके तीन आणि भाग चार, ही गोष्ट पहिल्याच तासाला पक्की करावी लागते. ‘तो पहिल्या चतुर्थकात आहे’ असे बोलण्यात सर्रास म्हटले जाते, तेव्हा अभिप्रेत असतो पहिला पाव भाग. काटेकोर अर्थाने चतुर्थक ही जागा नव्हे, तर दोन भागांमधील सीमा होय.

व्हरांड्यातील रांग

सूत्र फळ्यावर लिहून आरंभ करण्यापेक्षा विद्यार्थ्यांनाच प्राप्तांक केले तर कल्पना लवकर रुजते. समजा, डिलाईल रोडवरील एखाद्या शाळेतील १५ विद्यार्थ्यांना घरून शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे अशी आहेत :

४, ५, ५, ६, ७, ८, ८, १०, १२, १२, १५, २०, २५, ५५, ७८.

बहुतेक मुले शेजारच्या चाळींतून चालत येणारी आहेत. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे विरार-बदलापूरकडे गेली. तशाच एखाद्या घरातील मूल जुन्या शाळेत लोकलने येत असेल, तर ५५ किंवा ७८ मिनिटे सहज लागतात.

मुलांना मिनिटांच्या क्रमाने उभे केले की आठवे मूल मध्यक ठरते. त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मुले उरतात. डाव्या सातांतील मधले मूल, म्हणजे रांगेतील चौथे, पहिले चतुर्थक. उजव्या सातांतील मधले, म्हणजे बारावे, तिसरे चतुर्थक. या तिघांच्या हाती रंगीत कागद दिला की उरलेली १२ मुले तीन-तीनच्या चार गटांत आपोआप विभागलेली दिसतात. पहिले चतुर्थक ६ मिनिटे, मध्यक १० मिनिटे आणि तिसरे चतुर्थक २० मिनिटे. आंतरचतुर्थक विस्तार १४ मिनिटे.

आता याच १५ जणांची सरासरी काढावी. बेरीज २७०, सरासरी १८ मिनिटे. बरोबर १८ मिनिटे कोणालाच लागत नाहीत आणि १५ पैकी ११ मुले त्याहून लवकर पोहोचतात. दुरून येणाऱ्या दोन मुलांनी सरासरी स्वतःकडे ओढून घेतली आहे. ७८ च्या जागी १२० लिहून पाहिले तर सरासरी २०.८ वर जाते. मध्यक मात्र १० मिनिटांवर जागचा हलत नाही. मध्यक आणि चतुर्थके रांगेतील क्रमावर अवलंबून असतात, टोकाच्या प्राप्तांकाच्या आकारावर नव्हे, हा गुणधर्म अशा एका बदलाने सिद्ध होतो.

पेटी आणि मिशा

‘बॉक्स अँड व्हिस्कर प्लॉट’ला मराठीत पेटी-आलेख म्हणता येईल. त्यासाठी पाच आकडे लागतात : सर्वांत लहान प्राप्तांक, पहिले चतुर्थक, मध्यक, तिसरे चतुर्थक आणि सर्वांत मोठा प्राप्तांक. वरील उदाहरणात ते ४, ६, १०, २० आणि ७८ असे आहेत. संख्यारेषेवर ६ पासून २० पर्यंत एक आयत काढायचा, ही पेटी. पेटीत १० वर उभी रेघ मारायची, हा मध्यक. पेटीच्या डाव्या कडेपासून ४ पर्यंत आणि उजव्या कडेपासून ७८ पर्यंत आडव्या रेषा ओढल्या की झाल्या दोन मिशा. पेटीची उंची केवळ सोयीपुरती असते. तिला गणिती अर्थ नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

व्हरांड्यात हाच आलेख प्रत्यक्ष काढता येतो. एक लादी म्हणजे पाच मिनिटे असे मानून मुलांना आपापल्या मिनिटांच्या लादीवर उभे करावे. पहिल्या तीन लाद्यांवर ११ मुलांची दाटी होते, चौथीवर व पाचवीवर एकेक मूल येते, आणि मग मोकळ्या लाद्या ओलांडून अकराव्या व सोळाव्या लादीवर एकेकटे मूल उभे राहते. सुतळीने पेटी आखली, मिशा ओढल्या आणि मुलांना बाजूला व्हायला सांगितले, की जमिनीवर उरतो तो पेटी-आलेख.

विद्यार्थी कोठे अडखळतात?

मुलांना बाजूला करण्याचा हा क्षण शिक्षणदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा आहे. स्तंभालेखात उंच स्तंभ म्हणजे जास्त संख्या, वृत्तालेखात मोठा तुकडा म्हणजे मोठा हिस्सा, अशी सवय विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे लागलेली असते. पेटी-आलेखात ती सवय फसवते. लांब मिशी पाहून ‘येथे जास्त मुले आहेत’ असे उत्तर हमखास येते.

वास्तविक पहिला भाग ४ ते ६, म्हणजे दोनच मिनिटांचा. दुसरा चार मिनिटांचा. तिसरा दहा मिनिटांचा. आणि चौथा २० ते ७८, म्हणजे तब्बल ५८ मिनिटांचा. चारही भागांत मुले मात्र तीन-तीनच. भाग आखूड तर गर्दी दाट, भाग लांब तर मुले विरळ. लादीवर दाटीने उभ्या राहिलेल्या मुलाला हे पुन्हा सांगावे लागत नाही.

आर्थर बॅकर, रॉल्फ बीलर आणि क्लिफ कोनोल्ड या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये पेटी-आलेख लहान वयात शिकवावा का, असाच प्रश्न उपस्थित केला होता. या आलेखात एकेक प्राप्तांक दिसेनासा होतो, लांबी आणि संख्या यांचे नाते इतर आलेखांपेक्षा उलटे असते, आणि मध्यक ही कल्पना मुलांना वाटते तितकी सहज नसते, असे आक्षेप त्यांनी मांडले. हे आक्षेप वर्गाच्या नियोजनाला उपयोगी पडतात. पेटी काढण्यापूर्वी प्रत्येक प्राप्तांकासाठी एक ठिपका देणारा बिंदू-आलेख काढून घ्यावा आणि पेटी त्या ठिपक्यांच्या वरच आखावी. काही आलेख असे काढून झाल्यावर मगच ठिपके गाळावेत.

दोन तुकड्या, एक सरासरी

एका समूहापुरता पेटी-आलेख थोडा अनावश्यकही वाटू शकतो. त्याची खरी ताकद दोन-तीन समूह शेजारी ठेवून पाहण्यात आहे. ४० गुणांच्या चाचणीत दोन तुकड्यांतील अकरा-अकरा विद्यार्थ्यांचे काल्पनिक गुण पाहू.

तुकडी अ : १८, २०, २१, २२, २३, २४, २५, २६, २७, २८, ३०.
तुकडी ब : ६, ९, ११, १४, २०, २६, ३१, ३४, ३६, ३८, ३९.

दोन्ही तुकड्यांची बेरीज २६४ आणि सरासरी २४. प्रगतिपत्रकात केवळ सरासरी लिहिली तर दोन्ही वर्ग सारखेच ठरतील. मध्यकावरून पाहिले तर ब तुकडी सरसच दिसते. तिचा मध्यक २६ आहे, अ चा २४. पण अ तुकडीची चतुर्थके २१ आणि २७ आहेत, तर ब ची ११ आणि ३६. एक पेटी सहा गुणांची, दुसरी पंचवीस गुणांची. ३५ टक्क्यांच्या हिशेबाने १४ गुणांना उत्तीर्ण मानले, तर अ मध्ये कोणीही अनुत्तीर्ण नाही. ब मध्ये तिघे आहेत. त्यांना जादा तासांची निकड आहे, आणि त्याच वर्गातील वरच्या तिघांना अधिक कठीण उदाहरणांची.

शाळेच्या दृष्टीने या धड्याचे मोल येथे कळते. मागे पडलेली तीन मुले सरासरीत दिसत नाहीत. हुशार मुलांच्या गुणांनी ती झाकली जातात. पहिले चतुर्थक मात्र त्यांच्याकडेच बोट दाखवते. वर्गाची प्रगती मोजताना ‘सरासरी किती वाढली’ याच्या जोडीला ‘पहिले चतुर्थक किती वर आले’ हा प्रश्न विचारला, तर वर्गातील अखेरच्या बाकांचाही हिशेब होतो.

वेगळे पडलेले प्राप्तांक

टोकाच्या एखाद-दुसऱ्या प्राप्तांकामुळे मिशी अवास्तव लांबते. यावर अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी एक व्यवहारी नियम दिला. आंतरचतुर्थक विस्ताराची दीडपट काढायची. तिसऱ्या चतुर्थकात ती मिळवायची आणि पहिल्यातून वजा करायची. या दोन कुंपणांबाहेर पडणारे प्राप्तांक सुट्या ठिपक्यांनी दाखवायचे आणि मिशी कुंपणाच्या आतील शेवटच्या प्राप्तांकापर्यंतच न्यायची. शाळेच्या उदाहरणात १४ ची दीडपट २१. म्हणून वरचे कुंपण ४१ वर येते. खालचे कुंपण शून्याच्याही खाली जात असल्याने तेथे कोणी बाहेर पडत नाही. ५५ आणि ७८ हे दोन ठिपके वेगळे होतात आणि उजवी मिशी २५ वर थांबते.

वेगळा पडलेला प्राप्तांक म्हणजे चूक, असे मात्र मुलांच्या मनात ठसू देऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याची त्याच दिवसाची नोंद ७३ मिलिमीटरच्या आसपास होती. जुलैमधील दैनंदिन पावसाच्या कोणत्याही पेटी-आलेखात ९४४ हा आकडा कुंपणाच्या फार बाहेर पडेल. तो नोंदीतील दोष समजून खोडला असता तर मुंबईने आपल्या इतिहासातील एक भीषण दिवस खोडला असता. कुंपणाबाहेरचा ठिपका ‘मला गाळा’ असे सांगत नसतो. ‘माझी चौकशी करा’ असे सांगत असतो. नोंद चुकली का, परिस्थिती निराळी होती का, की हा प्राप्तांकच खरी बातमी आहे, हे ठरवणे आकडेमोडीच्या पलीकडचे काम आहे.

चाळ आणि मनोरा यांच्या आरंभीच्या उदाहरणात तर आणखी गंमत होते. दहा घरांतील पहिले चतुर्थक, मध्यक आणि तिसरे चतुर्थक, तिन्ही १६० येतात. पेटीची रुंदी शून्य होऊन नुसती उभी रेघ उरते आणि २,५६० चौरस फुटांचे घर दूरवर एकटा ठिपका होऊन बसते. परिसराचे हे चित्र ४०० या सरासरीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

उत्तरे दोन का येतात?

शिक्षकांना गोंधळात टाकणारी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. शाळेचे तेच १५ प्राप्तांक संगणकावर एक्सेलमध्ये भरून नेहमीच्या ‘क्वार्टाइल’ सूत्राने चतुर्थके काढली, तर ६ आणि २० ऐवजी ६.५ आणि १७.५ अशी उत्तरे मिळतात. यात कोणाचीच चूक नाही. वर मध्यक बाजूला ठेवून उरलेल्या दोन अर्धांचे मध्यक घेतले. संगणकाच्या त्या पद्धतीत मध्यक दोन्ही अर्धांत धरल्यासारखे उत्तर येते. एक्सेलमध्येच उपलब्ध असलेले दुसरे सूत्र पुन्हा ६ आणि २० देते. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ मध्ये संगणकीय प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या अशा नऊ पद्धतींची नोंद केली होती.

प्राप्तांक थोडे असले की हा फरक डोळ्यांत भरतो; शेकडो असले की तो नगण्य ठरतो. वर्गात एक पद्धत निश्चित करावी, ती वहीत लिहून घ्यावी आणि दोन समूहांची तुलना करताना दोहोंसाठी तीच वापरावी, एवढे पथ्य पुरते.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत नववीला मध्य, मध्यक आणि बहुलक. दहावीला वर्गीकृत माहितीसाठी हीच परिमाणे, आयतालेख व वृत्तालेख. आणि अकरावीच्या अर्थशास्त्रात व वाणिज्य शाखेच्या गणितात ‘विभाजन मूल्ये’ या प्रकरणाखाली चतुर्थके, दशमके, शतमके अशी मांडणी झाली. म्हणजे दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या किंवा विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला चतुर्थक वर्गात भेटेलच असे नाही. अमेरिकेतील २०१० च्या ‘कॉमन कोअर’ मानकांत पेटी-आलेख सहाव्या इयत्तेतच येतो.

वास्तविक दहावीच्या विद्यार्थ्याला फार नवे शिकावे लागत नाही. वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढताना एकूण वारंवारतेचे दोन भाग करून, संचित वारंवारतेवरून मध्यक वर्ग शोधला जातो. तेथे निम्म्याऐवजी एक चतुर्थांश घेतले की पहिले चतुर्थक आणि तीन चतुर्थांश घेतले की तिसरे चतुर्थक मिळते. सूत्राचा बाकी साचा तोच राहतो.

या संकल्पनेशी गाठ मात्र सर्वांचीच पडते. अकरावी प्रवेशासाठी राज्य सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, तेव्हा टक्के आणि पर्सेंटाइल यांतील फरक घराघरांत चर्चिला गेला. २०१९ पासून राज्याच्या अभियांत्रिकी-औषधनिर्माणशास्त्र सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. टक्के सांगतात गुण किती मिळाले. पर्सेंटाइल, म्हणजेच शतमक स्थान, सांगते की रांगेत किती जण मागे आहेत. चतुर्थक ही त्याच कल्पनेची पहिली पायरी. २५ वे शतमक म्हणजे पहिले चतुर्थक, ५० वे म्हणजे मध्यक आणि ७५ वे म्हणजे तिसरे चतुर्थक. ही पायरी शाळेत चढलेल्या विद्यार्थ्याला ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, हे निकालाच्या दिवशी दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

थोडा इतिहास

क्वार्टाइल ही संज्ञा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डोनाल्ड मॅकअॅलिस्टर आणि फ्रान्सिस गाल्टन यांच्या लेखनातून रूढ झाली. पेटी-आलेखाच्या जवळ जाणारी आकृती मेरी एलिनॉर स्पिअर यांच्या १९५२ च्या पुस्तकात आढळते. टुकी यांनी तिला आजचे रूप दिले आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथातून तिचा प्रसार केला. पेटीच्या दोन कडांना ते बिजागऱ्या म्हणत. आलेख कागद-पेन्सिलीने झटकन काढता यावा हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच तो साध्या वर्गखोलीलाही परवडतो.

भारतातही या विचाराची परंपरा आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कुटुंबांना खर्चाच्या क्रमाने लावून समान संख्येच्या गटांत विभागण्याची आणि त्या गटांची तुलना करण्याची आलेखपद्धती मांडली. त्यांचा यावरील निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

परिसरच प्रयोगशाळा

गिरणगावाला तर मोजणीचा वारसा शंभर वर्षांचा आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये येथील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि जी. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे नाव या रस्त्याला दिले गेले, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. कामगाराचे जगणे आकड्यांत मांडले जात असताना त्याला ते आकडे वाचता यावेत, यासाठीही हे शिक्षण होते.

आजच्या शाळेला प्रकल्पासाठी दूर जाण्याची गरज नाही. लोअर परळ व करी रोड स्थानकांपासून शाळेपर्यंत लागणारी मिनिटे, इमारतीत पाणी येण्याचा कालावधी, एकाच भाजीचे वेगवेगळ्या विक्रेत्यांकडील दर, पावसाळ्यातील व हिवाळ्यातील प्रवासाचा वेळ अशी माहिती विद्यार्थी स्वतः गोळा करू शकतात. जुलै २०१८ मध्ये बंद झालेला डिलाईल पूल नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. अशा घटनेचा परिणाम सर्वांवर सारखा झाला, की पुलापलीकडच्या काही मुलांवरच अधिक झाला, हे सरासरी सांगू शकत नाही. शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या सांगतात. प्रत्येक समूहात निदान दहा-पंधरा प्राप्तांक असावेत, नावे न लिहिता केवळ आकडे घ्यावेत आणि आलेखाखाली दोन वाक्यांत निष्कर्ष लिहून घ्यावा. ‘मधली निम्मी मुले कोठे आहेत?’ आणि ‘सर्वांत मागचा पाव भाग कोठे आहे?’ या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला आलेखावरून स्वतःच्या शब्दांत देता आली, की चतुर्थकांचा धडा पूर्ण झाला असे समजावे.